धुराड्याच्या गळ्यातला धोंडा

शिमनवाडीत वीज गेली ती मंगळवारी, दुपारची जेवणं उरकायच्या सुमारास. आधी पाऊस पडला आणि पडता पडताच गोठला. तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला, टेकडीमागचे खांब एकामागून एक आडवे झाले आणि वर हे एवढं हिम. रस्ता बंद, फोन बंद. गेल्या तीन वर्षांत ज्याने त्याने हौसेने बसवून घेतलेल्या, विजेवर तापणाऱ्या फरश्या संध्याकाळपर्यंत मढ्यासारख्या गार पडल्या.

आणि कांग? कांग फोडून बसले होते लोक! आमच्याकडे कांग म्हणजे अर्धं घर. दगडमातीचा लांबरुंद कट्टा. चुलीचा धूर त्याच्या पोटातल्या नळ्यांतून फिरतो, वरच्या फरश्या तापवतो आणि पलीकडच्या धुराड्यातून निघून जातो. त्यावरच बसायचं, जेवायचं, झोपायचं, बाळंत व्हायचं आणि वेळ आली की मरायचंही त्यावरच. पण लोकांना काजळी नको झाली, मक्याची धाटं वाहणं नको झालं. बटण दाबलं की पाय गरम. लुआन शोउथ्येन घसा खरवडून सांगत होता, "अरे बाबांनो, एका खोलीतला तरी राहू द्या." पण अडुसष्ट वर्षांच्या गवंड्याचं ऐकतो कोण? जन्मभर घातलेले कांग त्याच्याच डोळ्यांदेखत पहारींनी फुटले.

म्हणून बुधवारी सकाळी लुआन मिस्त्रीच्या कांगावर चौदा माणसं बसली होती. एरवी त्या घरात तो एकटा. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. आज मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं चुलीकडच्या गरम टोकाला, पोरंसोरं दुसऱ्या टोकाला आणि मधे सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग. शेजारचा म्हातारा मू गोठलेली नासपती पाण्यात टाकून मऊ व्हायची वाट बघत होता.

"लुआन," मू म्हणाला, "माझा कांग फोडला तेव्हा तू मला गाढव म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"आज परत एकदा म्हण बाबा. जरा बरं वाटेल."

सगळे हसले. शोउथ्येनही हसला. पण त्याचं अर्धं लक्ष खिडकीकडे होतं. खिडकीला लावलेला प्लास्टिकचा कागद अजून शांत होता. तो फडफडला की कुठल्या अंगाने फडफडतो हे बघायची त्याला त्रेचाळीस वर्षांची खोड होती.

दुपारी कागद फडफडला. वायव्येकडून.

शोउथ्येनच्या हातातल्या बिया तशाच राहिल्या. वायव्येचा वारा सुटला की या माणसाची झोप उडायची, जेवण उतरायचं नाही. त्याच्या बायकोला बिचारीला वाटायचं, याचे गुडघे धरतात. ती ज्वारीची दारू गरम करून त्याच्या गुडघ्यांना चोळायची. तो डोळे मिटून चोळून घ्यायचा. गुडघे ठणठणीत होते हे तिला कधी सांगितलंच नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? ठणका गुडघ्यात नव्हता. गावाच्या पूर्व टोकाला थोंग याछिनचं घर होतं, तिथे होता.

शोउथ्येन पंचवीस वर्षांचा होता आणि याछिन बावीसची, तेव्हा त्यांचं लग्न ठरलं होतं. तो कांगाला लागणारे दगड गोळा करायला नदीवर जायचा आणि याछिन कपडे धुवायच्या निमित्ताने यायची. आठवडाभर कसले कपडे धुते ही, असं तिची आई ओरडायची. एक दिवस तिने पाण्यातून एक चपटा काळसर धोंडा काढला. मधोमध पांढरी रेघ, जनावराच्या कपाळावर असते तशी. त्याच्या हातात देऊन म्हणाली, "हा विकायचा नाही. आपल्या घरच्या कांगात घाल."

त्यानंतर दोन महिन्यांत सगळं फिसकटलं. याछिनचा भाऊ पायाने अधू, त्याला मुलगी मिळेना. लांगांच्या घरी लग्नाची मुलगीही होती आणि मुलगाही. साटंलोटं ठरलं. लांगांची मुलगी भावाला, याछिन लांगांच्या मुलाला. एका संध्याकाळी बोलणी झाली आणि दुसऱ्या दिवशी शोउथ्येनच्या आईकडे सुपारी परत करावी तशी ठरलेली सोयरीक परत आली. याछिन स्वतः आली नाही, निरोपही नाही. तो आठ दिवस नदीवर जाऊन बसला. आठव्या दिवशी लांगांचा म्हातारा दारात उभा, "पोरा, नव्या सुनेच्या खोलीत कांग घालायचाय. तूच घाल."

जखमेवर मीठ चोळायला आलाय थेरडा, असंच शोउथ्येनला वाटलं. गेला तरीही. आयुष्यात घातला नाही असा कांग त्याने तिथे घातला. सात नळ्या, वर दगडी फरश्या, डोक्याकडून पायाकडे एकसारखी ऊब. त्या फरश्यांवर ती दुसऱ्याच्या शेजारी झोपणार हे माहीत असून त्याने त्या हाताने घासून गुळगुळीत केल्या. आणि शेवटच्या दिवशी त्याचं डोकं फिरलं.

आमच्याकडे धुराडं घराला चिकटलेलं नसतं. चार हात लांब, अंगणात वेगळं उभं असतं आणि कांगापासून तिथवर धुराची वाट जमिनीखालून जाते. तिला गळा म्हणतात. त्या गळ्यात त्याने तो पांढऱ्या रेघेचा धोंडा उभा करून ठेवला. वर फरशी, वर चिखल, वर माती. एरवी धूर कडेने निघून जायचा. पण वायव्येचा वारा धुराड्यात शिरला की धुराला वाट पुरायची नाही. तो मागे फिरायचा आणि चुलीच्या तोंडातून, फरश्यांच्या फटींतून खोलीत यायचा.

त्याला तिचं वाईट करायचं नव्हतं. खरंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, एक हिवाळा खोकेल, मग बोलावणं पाठवील, "मिस्त्री, तुमचा कांग धुरतोय." मग तो जाईल, ती समोर येईल आणि तिला त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागेल. बस, एवढंच हवं होतं. मग दोन मिनिटांत धोंडा काढून टाकला असता.

बोलावणं आलंच नाही. लांगांनी परगावचे गवंडी आणले. त्यांनी बाजूची वीट काढून काजळी खरवडली, नळ्या साफ आहेत म्हणाले आणि डोकं खाजवत गेले. जमिनीखालचा गळा कोण उकरून बघतो? गावाने त्या घराला 'धूरवाले लांग' नाव ठेवलं. एक हिवाळा गेला, पाच गेले, वीस गेले. पहिल्या वर्षी सांगायला लाज वाटत होती. विसाव्या वर्षी सांगणं म्हणजे स्वतःच्या तोंडाला स्वतःच काळं फासणं. दुकानात याछिन दिसायची, लाल डोळे पदराने पुसावेत तसे रुमालाने पुसताना. "मिस्त्री, बरं आहे ना?" ती विचारायची. "बरं आहे," तो म्हणायचा आणि मीठ घ्यायचं विसरून घरी यायचा.

सात वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला. गावाने कांग फोडले तेव्हा सगळे तिला म्हणाले, "वहिनी, तुमचा तर आधी फोडा, धुराची खाण आहे ती!" तिने साफ नकार दिला. सुनेच्या खोलीत विजेची फरशी घालू दिली, पण आपल्या कांगाला हात लावू दिला नाही. का, ते शोउथ्येनला कधी उमगलं नाही.

आणि आता त्या घरात बारा दिवसांचं बाळ होतं.

मू आपल्या डुकरांना बघायला बाहेर गेला होता. अर्ध्या तासाने भुवयांवर बर्फ घेऊन परत आला. "अरे, याछिनवहिनींकडे कठीण झालंय. सुनेची खोली गार पडली म्हणून दोघींनी बाळाला कांगावर आणलं, तर हा वारा! चूल पेटवली की खोलीभर धूर, विझवली की पाणी गोठतंय. सून रडतेय. मुलगा तिकडे बंदरात कामावर, तो काय करणार?"

"इथे आणा त्यांना," कोणीतरी म्हणालं आणि लगेच गप्प बसलं. महिना पुरा झाल्याशिवाय बाळंतिणीने दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही. ओलांडला तर त्या घराचं वाईट होतं. विजेच्या फरश्या आल्या, पण ही गोष्ट कोणी मोडलेली नाही.

"माझं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?" शोउथ्येन म्हणाला. "जा मू, सांग त्यांना. रजईत गुंडाळून आणा."

मू गेला आणि आला. "नाही म्हणतात. एवढ्या वाऱ्यात बाराव्या दिवसाचं लेकरू बाहेर काढणार नाही म्हणाल्या. आणि म्हणाल्या, मिस्त्रींच्या घराला माझ्याकडून आणखी काही नको."

"आणखी?"

"असंच म्हणाल्या. मला काय ठाऊक?"

शोउथ्येन कांगावरून उतरला. कापसाचे बूट चढवले, कुदळ घेतली, पहार घेतली. मनात एकच हिशेब चालला होता. दुसरा कोणी गवंडी असता तर आधी कांग उघडला असता. पण कांग उघडला तर बाळाला ठेवणार कुठे? नाहीतर सरळ जाऊन गळा उकरायचा. आणि गळा सरळ उकरला की तिला कळणार, की याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. या वयात आता तिच्या "मिस्त्री, बरं आहे ना" याच्यावरच त्याचे महिने निघत होते. तेही गेलं असतं. तरी तो निघाला.

याछिनच्या दाराच्या फटीतून धूर येत होता. दोघी खोकत होत्या आणि मधूनच बाळाचा बारीक, थकलेला आवाज. तो दारात गेलाच नाही. तडक मागच्या अंगणात गेला, धुराड्यापासून दोन पावलं मोजली आणि कुदळ मारली. कुदळ दगडावर आपटावी तशी वर उडाली. जमीन हातभर गोठली होती.

"अरे, आधी कांग उघडून बघ ना!" मागून आलेला मू ओरडला.

"इथेच आहे."

"इथेच आहे म्हणजे? तुला काय स्वप्न पडलं?"

"धाटं आण, मू. जमीन शेकायची आहे."

मूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग जाऊन धाटांच्या पेंढ्या घेऊन आला. दोघांनी जाळ केला, निखारे सरकवले, चार बोटं माती सुटली की उकरली आणि पुन्हा जाळ. वारा तोंडावर चाबूक मारत होता. एकदा शोउथ्येनने मान वर केली तेव्हा घराच्या कोपऱ्याशी याछिन उभी होती. डोळे लाल, हातात गरम पाण्याचा वाडगा. ती खड्ड्याकडे बघत होती. मग वाडगा मूच्या हाती देऊन आत गेली.

संपलं, शोउथ्येनला वाटलं.

दिवस कलायला लागला तेव्हा कुदळ फरशीला लागली. त्याने पहारीने फरशी उचलली, पोटावर आडवा झाला आणि काजळीत खांद्यापर्यंत हात घातला. धोंडा होता तिथेच होता. त्याच्या बोटांनी तो लगेच ओळखला. उपसून बाहेर काढला, तेव्हा काळाकुट्ट झाला होता, रेघ दिसत नव्हती. फरशी परत बसवली, चिखल गोठू नये म्हणून तो मिठाच्या गरम पाण्यात कालवून सांधे बुजवले, माती लोटली. मग आत ओरडून सांगितलं, "पेटवा आता!"

धुराड्यातून आधी थोडा घुटमळत, मग भसाभस धूर निघाला आणि वायव्येच्या वाऱ्यावर आडवा होऊन रानाकडे पळाला. मू टोपी काढून नाचायचाच बाकी होता. "निघाला रे निघाला! त्रेचाळीस वर्षांनी निघाला!" मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने टोपी घातली आणि "डुकरं उपाशी आहेत" म्हणून निघून गेला.

शोउथ्येनही जायला निघाला होता. याछिनने दार उघडलं. "आत या, मिस्त्री. तो धोंडा पण आणा."

खोलीत धूर नव्हता. सून युनश्या कांगाच्या मधोमध बाळाला कुशीत घेऊन बसली होती. पुढ्यात राळ्याची पेज, पेजेत दोन उकडलेली अंडी. "काका, फरशी गरम झाली हो!" ती म्हणाली आणि हसता हसताच रडली. बाळ झोपलं होतं. थोड्या वेळाने तीही भिंतीकडे तोंड करून, दोन दिवसांत पहिल्यांदा, गाढ झोपली.

"वर बसा," याछिन म्हणाली.

चुलीकडच्या टोकाला, पाहुण्याच्या जागेवर, तिने चटई झटकून दिली. त्रेचाळीस वर्षांपूर्वी त्याने या फरश्या घासल्या होत्या. त्यानंतर आज पहिल्यांदा तो त्यावर टेकला. अगदी कडेला, उठून पळायच्या बेतात असल्यासारखा.

याछिनने घमेल्यात धोंडा घेतला, वर गरम पाणी ओतलं आणि घासणीने घासू लागली. काजळी निघाली. पांढरी रेघ दिसली. तिचा हात थांबला.

"मीच घातला होता," शोउथ्येन म्हणाला.

"कळलं. तू सरळ जाऊन कुदळ मारलीस तेव्हाच कळलं." त्रेचाळीस वर्षांनी ती त्याला 'तू' म्हणाली. "का रे?"

"वाटलं, बोलावशील. धुरतोय म्हणून बोलावशील आणि तू एकदा समोर दिसशील."

"मी नव्हतेच बोलावणार. मला वाटायचं, शब्द मोडला म्हणून घरात हा धूर. सासू टोमणे मारायची, नवरा गवंडी आणायचा आणि मी आपली चुलीतल्या देवाला हात जोडून म्हणायची, माझंच चुकलं. दर वर्षी, न चुकता." ती धोंडा पुसत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत होती. "आणि तू घातला होतास होय रे, मेल्या!"

त्याला वाटलं होतं ती ओरडेल, हाकलून देईल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"तुझ्या सासऱ्यांनी जखमेवर मीठ चोळायला मला बोलावलं होतं ना," तो म्हणाला. बोलायचं म्हणून बोलला.

याछिनने मान वर केली. "सासऱ्यांनी? त्यांना परगावचा गवंडी हवा होता. मी हट्ट धरला. लग्नात दुसरं काहीच मागितलं नाही मी, ना कपडे, ना पेटी. म्हटलं, कांग लुआनच्याच हातचा पाहिजे. माणूस नाही मिळाला तर नाही, त्याच्या हातची ऊब तरी जन्मभर पाठीला मिळेल. आणि मिळाली रे. वारा वायव्येचा नसला की या कांगासारखा कांग गावात नव्हता. म्हणून तर फोडू दिला नाही."

शोउथ्येनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धुराचं निमित्त सांगायचीही सोय राहिली नव्हती, खोलीत धूरच नव्हता. एवढी वर्षं त्याला वाटत होतं, एकट्यालाच आठवण येते. ती तिकडे त्याच्याच फरश्यांवर पाठ टेकून झोपत होती आणि हा इकडे वाऱ्याचा कानोसा घेत जागत होता. दोन घरांमध्ये अंतर तरी किती, तीनशे पावलं.

याछिन उठली. कोपऱ्यातल्या रांजणाचं झाकण काढलं. आंबवलेल्या कोबीवरचा दगड हलका होता, कोबी वर तरंगत होता. तिने तो दगड बाहेर काढला आणि पांढऱ्या रेघेचा धोंडा दोन्ही हातांनी आत ठेवला. कोबी पाण्याखाली बसला.

"हा बरा आहे," ती म्हणाली. मग पाठमोरीच राहून म्हणाली, "वायव्येचा वारा सुटला की आता येऊन बघून जात जा. धुरतोय की नाही, ते तुलाच कळणार."

वीज शनिवारी आली. शोउथ्येनच्या कांगावरची चौदा माणसं आपापल्या घरी गेली. जाताना तिघांनी विचारलं, पुढच्या हिवाळ्याच्या आत आमच्याकडे परत कांग घालून द्याल का. तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो वाऱ्याची वाट बघत होता. जन्मभर ज्या वाऱ्याला शिव्या घातल्या तो आता सुटेल तर शपथ. रविवारी दक्षिणेचा. सोमवारी पानही हलेना. पुढचा आठवडा ऊन. अंगणात उभा राहून तो रोज तोंड वर करून हुंगायचा आणि मू कुंपणापलीकडून विचारायचा, "काय रे, पाऊस पडणारे का?"

"तू डुकरं बघ."

बाळाचा महिना पुरा झाला त्या सकाळी खिडकीचा कागद एकदा फडफडला. शोउथ्येन पेज पीत होता. कागद पुन्हा फडफडला, वायव्येकडच्या कोपऱ्याला. त्याने वाडगा तसाच ठेवला, टोपी घातली, कानपट्ट्या खाली ओढल्या आणि चुलीवर झाकण टाकायचं विसरून बाहेर पडला.